पैसे वसूल! अर्थात सहकुटुंब थीम पार्क कसं उरकावं

तुमची मुलं एवढी मोठी झाली आणि तुम्ही त्यांना अजून थीम पार्कला नेलेलं नाही, ही बातमी जुळे सोलापुरात पसरलेली आहे. पुण्याचे साडू मागच्या दिवाळीत जाऊन आले. त्यांचा फोटो तुम्हीही पाहिलात. चौघंही तोंडं वासून, हात वर करून, कड्यावरून कुणी ढकलून दिल्यासारखे. त्याखाली तुम्ही अंगठा टाकलात. बायकोने काहीच टाकलं नाही. या 'काहीच नाही'चा अर्थ ज्याला कळत नसेल, त्याने पुढचं वाचण्यात वेळ घालवू नये.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं वडील सांगतील. लक्ष देऊ नका. ही म्हण परगावची आहे. सोलापुरात चादर हवी तेवढी लांब विणून मिळते.

पहिला प्रश्न, जायचं कुठं? सोलापूर वसवणाऱ्याने फार दूरदृष्टी दाखवली आहे. पुण्यापलीकडची घाटाकडची पार्कं घ्या नाहीतर हैदराबादची घ्या, आपल्याला दोन्ही सारखीच गैरसोयीची, तीनशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे कुठंही गेलं तरी 'त्यापेक्षा तिकडं गेलो असतो तर' हे वाक्य परतीच्या प्रवासात दोन्ही पक्षांना वापरता येतं. पूर्व भागातले तुमचे तेलुगू मित्र हैदराबाद सांगतील, कारण तिथं त्यांचं कुणीतरी असतंच. रामोजी फिल्म सिटीची जगातली सर्वांत मोठी चित्रनगरी म्हणून गिनीज बुकात नोंद आहे, हेही ते सांगतील. सगळं ऐकून घ्या आणि घाटाकडचंच बुकिंग करा. साडू तिकडं गेले होते. तुलना व्हायची तर मैदान तेच हवं.

मुलांना मात्र विचारू नका. ती गावातलाच 'कंबर तलाव' म्हणतील आणि तुमची सगळी योजना पन्नास रुपयांत आटोपेल.

या सगळ्याच्या मुळाशी शेंगा आहेत, हे फार थोड्या सोलापूरकरांना माहीत असेल. वॉल्ट डिस्ने सुटीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये न्यायचा. मुली चक्राकार घोड्यांवर बसायच्या आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खायचा. तिथं त्याच्या मनात आलं की आईबाप आणि मुलं यांना एकत्र मजा करता येईल, अशी एखादी जागा पाहिजे. माझं प्रांजळ मत असं आहे की इथंच माणूस चुकला. मुलं डोळ्यांसमोर गोल फिरतायत, आपण सावलीत बसलोय, हातात शेंगा आहेत, कुणी कुणाला काही मागत नाही, बापाला आणखी काय हवं असतं? पण ते दाणे नुसते असणार. उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी आणि सोबत कडक भाकरी असती, तर त्याला दुसरं काही सुचलंच नसतं आणि पुढच्या पिढ्यांमधले अनेक बाप कर्जातून वाचले असते.

तसं झालं नाही. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. निमंत्रितांपेक्षा कितीतरी जास्त, जवळपास २८ हजार माणसं आली, कारण अनेकांकडे बनावट तिकिटं होती. प्लंबरांचा संप होता, त्यामुळे पिण्याचं पाणी आणि संडास यांतलं एकच चालू ठेवता येणार होतं. डिस्नेने संडास निवडले. ताज्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतल्या. पारा ३८ अंशांवर होता आणि अमेरिकेतली वर्तमानपत्रं हळहळली. ३८ अंश आणि नळ कोरडे! आपल्याकडे याला एप्रिलमधला बरा दिवस म्हणतात. तीन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावच्या माणसाला असल्या गोष्टींचं अप्रूप नसतं. तुमची पूर्वतयारी जन्मापासून झालेली आहे, हे सांगायला एवढं लांबण लावलं.

आता मुख्य विषय, वसुली. सुरुवातीच्या काळात डिस्नेलँडमध्ये प्रत्येक राईडला वेगळं कूपन लागायचं. कूपनांची पुस्तकं मिळायची, प्रत्येक कूपनावर एकेक इंग्रजी अक्षर, आणि 'ई' म्हणजे सगळ्यांत भारी. १९८२ साली ती पद्धत बंद झाली आणि एकदाच पैसे भरून दिवसभर वाटेल तेवढं हिंडा, असं सुरू झालं. हा बदल करणाऱ्याने बापजातीचा अभ्यास केला असावा. कूपन होतं तोवर मूल दमलं की घरी नेता यायचं. उरलेली कूपनं पुढच्या वेळी. एकरकमी तिकिटात मूल दमणं हा थेट तोटा असतो.

म्हणून खिशात छोटी वही ठेवा. आम्हाला माणशी १,४९९ रुपये पडले. सतरा राईड्स केल्या तर एक राईड अठ्ठ्याऐंशी रुपये अठरा पैशांना पडते. अकराच केल्या तर एकशे छत्तीसला. हा हिशेब मी पार्किंगमध्येच सगळ्यांना उभं करून समजावून सांगितला. चिरंजीव तिसरीत आहेत, त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. आज्जीने, म्हणजे माझ्या आईने, आपण एकाही राईडमध्ये बसणार नसल्याचं तिथंच जाहीर केलं. तिची राईड कितीला पडली, असं मी जरा चिडून विचारलं तर आठवीतली कन्या म्हणाली, "बाबा, शून्याने भागता येत नाही." मुलांना चांगल्या शाळेत घालण्याचे तोटे असतात.

निघायचं पहाटे तीनला. मुलांना झोपेतून उचलून गाडीत टाका. त्यांनी 'कुठं चाललोय' विचारलं की 'मजा करायला' असं ओरडून सांगा. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर मागं पडेपर्यंत मागच्या सीटवरची पहिली उलटी होऊन गेलेली असते, म्हणजे तोही विषय संपतो. भिगवणजवळ उजाडतं. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, लांब पायांचे, गुलाबी पंखांचे, आणि एवढ्या पहाटे पाण्यावर धुकंही असतं. चिरंजीव काचेला नाक लावून "बाबा, थांबा ना" म्हणतील. थांबू नका. रस्त्यावरून ते फुकट दिसतात. जे फुकट आहे ते वहीत कुठल्या रकान्यात लिहिणार?

गेटवर पिशव्या तपासतात. बाहेरचं खाणं आत चालत नाही, कारण आत तेच खाणं तिप्पट भावात ठेवलेलं असतं आणि त्यालाही कुणीतरी विचारायला हवं. लहान बाळाचं खाणं आणि औषधं तेवढी बहुतेक ठिकाणी सोडतात. आमच्या आज्जीला हा नियम मी मुद्दाम सांगितला नव्हता. तिच्या पिशवीतून सुरक्षारक्षकाने आधी अकरा कडक भाकऱ्या काढल्या. त्याने एक वाजवून पाहिली. माझ्या अंदाजाने त्याला ती कसलीतरी प्लेट वाटली, कारण त्याने त्या शिस्तीत परत ठेवल्या. मग चटणीचा डबा निघाला. त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि पुढची दोन मिनिटं तो शिंकत होता.

"ये क्या है?"

"औषध," आज्जी म्हणाली.

"किस चीज का?"

"सगळ्याचंच."

डबा आत गेला. तुमच्याकडे अशी आज्जी नसेल तर सहल पुढं ढकला, पण हे साहस स्वतः करायला जाऊ नका. पकडलं गेल्यावर बायको ओळख देत नाही.

आता रांग. थीम पार्कची रांग नागमोडी असते, म्हणजे आपण किती मागं आहोत ते कळत नाही आणि दर तीन मिनिटांनी त्याच त्या माणसाचं तोंड समोर येतं. पहिल्या वेळी आपण हसतो. चौथ्या वेळी त्याचा राग यायला लागतो. सातव्या वेळी तो लातूरचा निघतो आणि त्याचा मेहुणा तुमच्या ऑफिसात असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला रांगेची भीती घालू नये. आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत ज्याने रात्र काढली, त्याला तासाभराचं काय? फरक एवढाच की बारीच्या टोकाला विठोबा असतो आणि इथं टोकाला दोन मिनिटांची गिरकी असते. शिवाय बारीत कुणीतरी पाणी देतं, चहा देतं, अभंग म्हणतं. इथं जास्त पैसे भरले की पुढं सोडणारा पास मिळतो. पास घेतलेली कुटुंबं शेजारच्या मोकळ्या वाटेने पळत जाताना बघून आज्जी म्हणाली, "मुखदर्शनवाले दिसतात."

मी पास घेतला नाही. वसुलीचं गणित आधीच ओढाताणीचं झालं होतं.

तास-सव्वा तासाने तुमचा नंबर येतो आणि तिथं एक फळी असते. फळीवर रेघ, रेघेशी आकडा, कुठं १२० सेंटिमीटर, कुठं १४०. चिरंजीव ११८ भरले. हे घरीच दाराच्या चौकटीवर मोजता आलं असतं, असं बायको म्हणेल. बरोबर आहे तिचं, पण मग तासभर आशेत जगण्याचा आनंद मिळाला नसता. अशा वेळी मुलाचे केस वर उभे करून पाहणं, टाचा उचलायला लावणं, 'अहो, दोनच सेंटिमीटर' म्हणून हुज्जत घालणं हे सगळं मागे चाळीस माणसं उभी असताना करावं. फळीवरचा पोरगा ऐकत नाही आणि त्याने ऐकूही नये. खांद्यावरची दांडी ज्या अंगासाठी बनवलीय त्याहून लहान अंग त्यातून निसटतं. हे मला कळत होतं. पण एकशे छत्तीस रुपये माझ्या डोळ्यांसमोर नाचत होते.

मूल रडायला लागलं तर समजावण्यात वेळ घालवू नका. "तीन हजारांचं पेट्रोल जाळून आणलंय, हस बे!" हे वाक्य मी वापरून पाहिलं. त्याने हसू येत नाही, पण रडणं आश्चर्याने थांबतं. तेवढ्यात फोटो काढून घ्यावा.

पाण्याच्या विभागात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात, तेही तिथून भाड्याने. गिरण्यांनी आणि मागांनी ज्या गावाला पोसलं, तिथल्या माणसाने निळ्या नायलॉनच्या चड्डीत परस्त्रियांसमोर उभं राहावं, याहून मोठा काव्यगत न्याय कुठला. टॉवेलही भाड्याने घेतला. पुसता पुसता कोपऱ्यावरची पट्टी वाचली. सोलापूर. जुन्या एमआयडीसीत किलोवर मिळतो तो माल, इथं दिवसाचे साठ रुपये आणि शंभर अनामत. मी त्याला नाक लावलं, गावची आठवण आली म्हणून. नाकात क्लोरीन गेलं.

जेवणाचं फार सांगण्यासारखं नाही. आत चारशे रुपयांना एक थाळी घेतली, ती मधे ठेवली आणि तिच्याभोवती गोल बसून सगळ्यांनी भाकरी-चटणी खाल्ली. थाळीतला पापड तेवढा संपला. शेजारच्या टेबलावरचं एक मुंबईचं कुटुंब टक लावून बघत होतं. आज्जीने त्यांना भाकरी दिली. त्यांच्या मुलाने ती आधी टेबलावर आपटून पाहिली.

संध्याकाळी वही उघडली. कन्येच्या अकरा. चिरंजीवांच्या नऊ, म्हणजे एकशे सदुसष्टला एक, आणि त्यांतल्या चार छोट्या गोल फिरणाऱ्या घोड्यांच्याच. तिथून तो उतरायलाच तयार नव्हता, मी ओढून काढला. माझ्या सहा, अडीचशेला एक. बायकोच्या चार, आणि त्यांतल्या एकीत तिने डोळे मिटून घेतले होते म्हणून ती धरावी की नाही यावर आमचं भिगवणपर्यंत बोलणं झालं, आणि पुढं बंद. फोटोत मात्र चौघांचेही हात वर आहेत. साडूंनी रात्रीच अंगठा टाकला. मेहुणीने काहीच टाकलं नाही. हे साडेसात हजार तिथंच फिटले.

घरी आल्यावर मुलांना 'काय आवडलं' असं चारचौघांत विचारू नका. आधी उत्तर पाठ करून घ्या. मी घेतलं नाही. शेजारच्या काकूंनी विचारल्यावर चिरंजीव म्हणाले, "नऊ राईड केल्या. एक एकशे सदुसष्टला पडली. बाबांची अडीचशेला."

पंधरा दिवसांनी संक्रांत आली. सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघाले, अक्षता पडल्या आणि होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली. दरवर्षीप्रमाणे आम्ही चालतच गेलो. चिरंजीव आकाशपाळण्यात बसले, मी समोरच्या कट्ट्यावर भाजक्या शेंगांची पुडी घेऊन टेकलो. थंडी होती, वर दिवे होते, मूल गोल फिरत होतं. वॉल्टची फार आठवण आली. पाळणा थांबला, सगळी पोरं उतरली, आमचं उतरेना. दांडी दोन्ही हातांनी धरून ते पाळणेवाल्याला काहीतरी बोटांवर मोजून दाखवत होतं.

"उतर की बे," पाळणेवाला म्हणाला.

"सहाच फेऱ्या झाल्या. वसूल नाही झालं अजून."

पाळणेवाल्याने गर्दीवरून नजर फिरवली, ती माझ्यावर येऊन थांबली. "मालक, हे पोरगं तुमचं का?"

मी शेंगा सोलत होतो.