'आमचे शेतकरी' लिहिता, तर नावं पण लिहा

आज धाकटीचा वाढदिवस. तिच्या हट्टाखातर साताऱ्याजवळ हायवेला सेंद्रिय जेवणाचं नवीन हॉटेल झालंय तिथं गेलो. सारवलेल्या भिंती, पितळी ताटं, चुलीवरची भाकरी. मेनूकार्डात वाघ्या घेवड्याची उसळ, ३४० रुपये. खाली लिहिलेलं, 'आमच्या शेतकऱ्यांनी मायेनं पिकवलेला'.

वाढणाऱ्या पोराला विचारलं, घेवडा कुठल्या गावचा? "फार्मवरून येतो मॅडम." कुठल्या फार्मवरून? तो आत गेला, मॅनेजर आले. "आमचा व्हेंडर आहे, तोच सगळं बघतो." शेतकऱ्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. मग 'आमचे' कुठल्या तोंडानं म्हणता?

माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. गुलाबीसर दाण्यावर लाल पट्टे असलेला हा घेवडा आमच्याकडचा. २०१६ ला त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. माझा दादा तो रासायनिक खताशिवाय पिकवतो. युरिया सोडला तेव्हा पहिली दोन वर्षं उतारा इतका घटला की वहिनीनं सोसायटीचं कर्ज फेडायला पाटल्या मोडल्या. ड्रमात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून जीवामृत करायचं, निंबोळ्या वाटून अर्क काढायचा, हे सगळं दोघंच करतात. मजूर परवडत नाही.

मागच्या वर्षी दादा वीस किलो घेवडा घेऊन असल्याच एका हॉटेलात गेला होता. फोनवर त्यांनीच बोलावलेलं. वहिनीनं दोन रात्री सुपात एकेक दाणा निवडला होता. मागच्या दारी त्याला दोन तास उभं केलं, आणि म्हणाले, दाणा एकसारखा नाही. पोतं परत. एसटीत पोत्याचं वेगळं तिकीट काढून तो घरी आला. एकसारखा कसा असेल? पावसाच्या भरवशावरचं पीक आहे ते.

हॉटेलवाल्यांनाही भाडं, पगार, गॅस आहेच. आणि प्रत्येकाच्या शेतात जाऊन कोण बघणार, हेही खरं. पण निदान पाच शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांची शेतं तपासायची आणि माल सेंद्रिय असल्याचा दाखला मिळवायचा, अशी पीजीएस पद्धत आपल्याकडे आहे. दादाच्या गटाकडे तो दाखला होता. त्या दिवशी तो पिशवीतून बाहेर काढायलासुद्धा कुणी सांगितलं नाही.

शेजारच्या टेबलावर फोटो काढून झाल्यावर अर्धी उसळ तशीच राहिली. पोरानं ती उचलून बादलीत ओतली. मला तिथं बसवेना. वहिनीची ती दोन बोटं दिसत होती, सुपातला खडा उचलणारी.

उसळ चवीला वाईट नव्हती, हे सांगायला हवं. घरच्यासारखीच होती. लेक म्हणाली, "आई, मामाकडे खाल्ली होती ना तशीच आहे." तेवढ्यावर माझा राग जरा उतरला. त्या स्वयंपाकघरात कुणीतरी आपल्याकडचीच बाई असणार. तिचंही नाव कुठं नव्हतं.

पैसे घ्या, ३४० घ्या, ४०० घ्या. माझी तक्रार दराची नाही. फळ्यावर आजची डिश लिहिता तिथंच घेवडा कुणाचा, गाव कुठलं, त्याला किलोला काय दिलं, एवढं खडूनं लिहा. आणि माल घेऊन आलेल्या माणसाला आत बोलवून पाणी द्या. आपल्याकडे दारात आलेल्या भिकाऱ्यालाही पाणी विचारतात.

घरी आल्यावर दादाला फोन केला. ३४० चं काही बोलले नाही त्याला. म्हणाला, "दसऱ्याच्या आसपास नवीन घेवडा निघेल, तुला पाठवतो." मी म्हटलं, यंदा माझ्या मैत्रिणींनाही पाठव. तर कुणाकुणाला हवाय ते सांगा गं. भाव दादा सांगेल तोच, आणि दाणा लहान-मोठा असणार.