कापडी पिशवी २०,००० वेळा वापरायची? जरा थांबा

‘कापडी पिशवी २०,००० वेळा वापरली तरच प्लास्टिकपेक्षा बरी, मग बंदी कशाला?’ असा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. आकडा खोटा नाही, अर्धवट आहे.

तो डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या जीवनचक्र मूल्यमापनातला. कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा हा हिशेब सेंद्रिय कापसाच्या नव्या पिशवीचा आहे, आणि तोही सगळ्या निकषांत जो सर्वांत कडक, ओझोन थराच्या हानीचा, तो धरून. त्यात पिशवी लहान म्हणून एका प्लास्टिक पिशवीऐवजी दोन धरल्या होत्या! साध्या कापसाचा तोच आकडा ७,१०० आहे. फक्त हवामानबदल पाहिला तर साध्या कापसाला ५२ वेळा पुरतात. आठवड्याला एकदा मंडई केली तर वर्षभरात फिटलं.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी न वाचलेली गोष्ट वेगळीच. तिथलं प्लास्टिक म्हणजे दुकानातली जाड पिशवी, ती शेवटी डस्टबिनला लावून कचऱ्यासोबत जाळून ऊर्जा काढणार, असं गृहीत होतं. उघड्यावर पडणाऱ्या प्लास्टिकचा परिणाम हिशेबातच नव्हता. आंबिल ओढ्याच्या काठी उभं राहून हे गृहीतक पुण्याला लावून पाहा.

जुन्या चादरीची घरी शिवलेली पिशवी असेल तर वादच मिटतो, तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही. मात्र दर कार्यक्रमात फुकट मिळणाऱ्या, कपाटात पडून राहणाऱ्या नव्या कापडी पिशव्यांना हा अहवाल नक्कीच लागू पडतो.