काका, 'ओरिजिनल' पर्पल नेमकं कुठलं? (एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर)

काका, (खाली तुम्ही 'एक जुना श्रोता' एवढीच सही केलीये आणि 'तुझ्या जन्माच्या आधीपासून ऐकतोय' असंही लिहिलंय, तेव्हा काकाच म्हणतो, राग मानू नका.)

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, चिडचिड झाली, सकाळी चहा घेताना परत वाचली तर निम्मी पटली. उत्तर तिथेच खाली टाकायला घेतलं पण ते एवढं वाढलं की म्हटलं वेगळंच टाकूया. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडवरच्या माझ्या लेखात मी १९६८ पासून आजपर्यंतचा सगळा प्रवास एका दमात सांगितला होता. काकांचं म्हणणं असं की ओरिजिनल पर्पल म्हणजे गिलन (गायक), ब्लॅकमोर (गिटार), लॉर्ड (ऑर्गन), ग्लोव्हर (बास) आणि पेस (ड्रम्स) हे पाच जण, बाकीचे सगळे भाड्याने आणलेले, ७६ साली बँड बुडवला तो टॉमी बोलिन नावाच्या अमेरिकन पोराने, आणि ब्लॅकमोर गेल्यावर उरलं ते नुसतं नावावर चाललेलं दुकान. वर 'मी त्यांना अंधेरीला समोर उभं राहून ऐकलंय, गुगल करून नाही' असा टोलाही आहे. अंधेरीला येतोच, पण शेवटी.

आधी माझी चूक. स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोचा कॅसिनो पर्पलच्या कॉन्सर्टमध्ये जळाला असं मी ठोकून दिलं होतं, ते साफ चुकलं. ४ डिसेंबर १९७१ ला तिथे फ्रँक झापाचा शो चालू होता, गर्दीतल्या कोणीतरी फ्लेअर गन उडवली आणि छत पेटलं. पर्पलची मंडळी तिथे रेकॉर्डिंगसाठी येऊन थांबली होती, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने घेऊन, आणि ज्या जागेत रेकॉर्ड करायचं तीच डोळ्यांदेखत जळाली, तळ्यावर धूर पसरलेला बघत बसले, 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं त्यावरूनच आलं. मग एका थिएटरात सुरुवात केली तर आवाजामुळे पोलीस आले, शेवटी हिवाळ्यात बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलात गाद्याबिद्या लावून 'मशीन हेड' अल्बम उरकला. लेखात दुरुस्ती केलीये, थँक्यू.

आता 'ओरिजिनल'. काका, तुमचे जे पाच ओरिजिनल आहेत ना, ती बँडची दुसरी टीम आहे. फॅन लोक उगाच नाही तिला मार्क टू म्हणत. पहिल्या टीममध्ये गायक होता रॉड इव्हान्स आणि बासवर निक सिम्पर, आणि १९६८ मध्ये अमेरिकेत चौथ्या नंबरापर्यंत गेलेलं पहिलं हिट याच टीमचं. साधारण वर्षभरात तीन अल्बम केले त्यांनी. आणि मग १९६९ च्या जूनमध्ये काय झालं, तर ब्लॅकमोर, लॉर्ड आणि पेस या तिघांनी एपिसोड सिक्स नावाच्या बँडमधून गिलनला उचलला, त्याच्याबरोबर ग्लोव्हरही आला, दिवसा लंडनच्या हॅनवेलमध्ये एका कम्युनिटी सेंटरात नव्या दोघांबरोबर प्रॅक्टिस आणि संध्याकाळी जुन्या दोघांबरोबर शो, आणि जुन्या दोघांना पत्ताच नाही! नव्या लोकांना घेऊन एक सिंगलसुद्धा रेकॉर्ड करून झालं तरी इव्हान्स-सिम्पर आपले स्टेजवर उभे. जुलैमध्ये कार्डिफला शेवटचा शो करून त्यांचा विषय संपला आणि आठवड्याच्या आत नवी टीम लंडनच्या स्पीकईझी क्लबात वाजवत होती.

म्हणजे ज्या पाच जणांना आपण देव्हाऱ्यात बसवलंय ते एकत्र आले तेच मुळी अशा लपवाछपवीतून. मला ती टीम कमी आवडते असं नाही हो. त्यांचा 'इन रॉक' अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी वॉकमन काढून त्याच्याकडेच बघत बसलो होतो, की बिघडला की काय. पण 'जो नंतर आला तो भाड्याचा' हा नियम लावायचा तर तो आधी गिलनला लागतो, ग्लोव्हरला लागतो. तिथे तो तुम्ही लावत नाही.

दुसरं, ही लाडकी टीम किती टिकली? चार वर्षं. जुलै ६९ ते जून ७३, बस. त्यात जपानचा तो लाइव्ह अल्बम, त्यात लंडनच्या एका शोमुळे जगातला सगळ्यात मोठ्ठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेस बुकात नाव, त्यात वर्षाला अमेरिकेच्या कितीतरी वाऱ्या. आजारी पडले तरी सुट्टी नाही. मॅनेजर लोकांना वाटलं गाय दूध देतेय तोवर पिळून घ्या. गिलनने डिसेंबर ७२ मध्येच राजीनाम्याचं पत्र दिलं होतं, सहा महिने आधी नोटीस, एखाद्या बँकेतल्या माणसासारखी, आणि ते सहा महिने ब्लॅकमोरशी न बोलता काढले. नंतर तो मुलाखतींमधून म्हणत आलाय की आम्हाला तीन महिने घरी जाऊ दिलं असतं तर बँड मोडला नसता. मला हे पटतं. आणि ग्लोव्हर? त्याने काही केलं नव्हतं, ब्लॅकमोरला तो नको होता, एवढंच. २९ जून १९७३, ओसाका, खेळ खलास. तुम्ही लिहिलंय की 'ब्लॅकमोर हाच बँडचा आत्मा', असेल, पण आत्म्याला दर दोन वर्षांनी नवं शरीर लागायचं हेही लक्षात घ्या.

गिलन-ग्लोव्हरच्या जागी आलेल्या कव्हरडेल-ह्यूजबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीये आणि ती ('सोल गाणारी पोरं') मला जरा अन्यायाची वाटली. कव्हरडेल रेडकारमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला होता, टेप पाठवली, बोलावणं आलं, आणि सहा-सात महिन्यांत कॅलिफोर्निया जॅममध्ये दोन लाखांपेक्षा जास्त लोकांसमोर उभा, बाजूला ब्लॅकमोर गिटारने टीव्हीचा कॅमेरा फोडतोय आणि पाठीमागे अँप्लिफायरचा स्फोट. २२ वर्षांचं पोरगं! त्या जागी आपण असतो तर पळालो असतो. 'बर्न' अल्बममध्ये हे दोन गायक एकमेकांच्या आवाजावर चढतात ते ऐकताना मला जुगलबंदीच आठवते, आणि 'बर्न' कमी दर्जाचा आहे असं तुम्ही मनापासून म्हणणार असाल तर पुढचं वाचू नका. पुढच्या अल्बमात फंक जास्त झालं हे मान्य. ब्लॅकमोरला ते सहन झालं नाही, त्याला एक जुनं गाणं रेकॉर्ड करायचं होतं ते बाकीच्यांनी नाही म्हटलं, तर त्याने डिओ नावाच्या गायकाला घेऊन बाहेर केलं आणि त्यातूनच त्याचा रेनबो हा बँड उभा राहिला. एप्रिल ७५ मध्ये पॅरिसला शेवटचा शो, आणि निघून गेला.

आता बोलिन. इथे मात्र मी भांडणार.

त्या 'अमेरिकन पोराला' बँडने बोलावून घेतलं होतं. बिली कॉबहॅम या जॅझ ड्रमरच्या अल्बममधली त्याची गिटार ऐकून कव्हरडेल वेडा झाला होता. आयोवातल्या सू सिटीचा मुलगा, जॅझपासून सगळं वाजवणारा, आणि त्याला उभं केलं ब्लॅकमोरच्या जागी, जिथे अर्धं पब्लिक तिकीट काढून ब्लॅकमोरचंच नाव ओरडायला येणार. नशेची सवय त्याला होती, खोटं कशाला बोलू. पण ती एकट्या त्यालाच होती का? ह्यूजने स्वतःच्या कोकेनच्या व्यसनाबद्दल पुढे उघडपणे सांगितलंय. त्यात डिसेंबर ७५ चा जकार्ताचा दौरा, तिथे बोलिनचा अंगरक्षक हॉटेलमध्ये लिफ्टच्या शाफ्टमध्ये पडून मेला. तिथून पुढे जपानला गेले तर बोलिनचा हातच धड चालेना, आणि नेमकं तेच रेकॉर्ड होऊन पुढे विकलं गेलं, त्यामुळे आजही लोक त्याला त्या एका वाईट रात्रीवरून मोजतात. त्याच्याबरोबरचा पर्पलचा अल्बम 'कम टेस्ट द बँड' शांतपणे ऐका एकदा, लेबल न बघता. मी पैज लावतो तुमचं डोकं हलेल.

१५ मार्च १९७६ ला लिव्हरपूलच्या एम्पायर थिएटरात शो इतका वाईट झाला की कव्हरडेल रडत स्टेजवरून उतरला. राजीनामा द्यायला लॉर्ड आणि पेसकडे गेला तर ते म्हणाले, बाबा, राजीनामा द्यायला बँड उरलाय कुठे, आम्ही आधीच ठरवलंय. जाहीर केलं जुलैमध्ये. आणि ४ डिसेंबरला मायामीत बोलिन गेला, वय २५. कॅसिनो जळाला तीच तारीख, पाच वर्षांनी. याचा काही अर्थ नाही, पण लिहिताना बोट अडखळलं एवढं खरं.

तर बँड बोलिनने बुडवला नाही, तो ७३ पासून बुडत होता. बोलिन फक्त शेवटच्या वेळी बोटीत होता.

आणि एक किस्सा मूळ लेखात सुटला होता तो तुमच्यासाठी खास. १९८० मध्ये मेक्सिको, अमेरिका, कॅनडात 'डीप पर्पल' परत दौऱ्यावर आलं. लोक तिकीट काढून गेले तर स्टेजवर रॉड इव्हान्स आणि चार अनोळखी माणसं! म्हणजे ६९ ला ज्याला हाकलला तो गायक, ७२ चं धुराचं गाणं म्हणतोय. लोक भडकले, प्रकरण कोर्टात गेलं, ६,७२,००० डॉलरचा दंड झाला आणि जुन्या गाण्यांची रॉयल्टीपण गेली बिचाऱ्याची. आता गंमत बघा, तुमच्या 'ओरिजिनल' च्या हिशोबाने तो गिलनपेक्षा जास्त ओरिजिनल होता की नाही? संस्थापक सभासद! तरी ते पर्पल नव्हतं, हे त्या हॉलमधल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळत होतं.

मग पर्पल कशात आहे म्हणाल तर माझ्या कानाला ते गिटार आणि हॅमंड ऑर्गनच्या भांडणात आहे. लॉर्ड तो ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल अँपमधून वाजवायचा, त्यामुळे तो गुरगुरतो, कधी कधी गिटार कुठली आणि ऑर्गन कुठला कळतच नाही, आणि खाली पेसचे ड्रम्स त्या दोघांना पळवत नेतात. गायक बदला, बास बदला, हे तीन बाजूंचं भांडण चालू असलं की पर्पल. याचा पुरावा उलट्या बाजूनेही आहे. ८४ ला तुमचे पाचही जण परत आले, 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' जोरदार, पण ८९ ला गिलनला परत काढला आणि जो लिन टर्नरला घेऊन १९९० चा अल्बम केला. त्यात ब्लॅकमोर आहे, काका, तुमचा आत्मा आहे, आणि तरी तो रेनबोचा अल्बम वाटतो, कारण पाचातले तिघं रेनबोमधूनच आलेले आणि ऑर्गन बिचारा कोपऱ्यात. तुम्हालाही तो आवडत नाही असं तुम्हीच प्रतिक्रियेत लिहिलंय.

९३ मध्ये ब्लॅकमोर पुन्हा गेला. बर्मिंगहॅमला कॅमेऱ्यावर पाणी फेकून, हेलसिंकीला शेवटचा शो करून, दौरा अर्धा टाकून. जपानचे शो जो सॅट्रियानीने येऊन सावरले आणि ९४ च्या शेवटी स्टीव्ह मोर्स आला.

आता अंधेरी. तुम्ही लिहिलंय की एप्रिल १९९५ मध्ये अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सला तुम्ही होतात आणि 'तसा आवाज परत ऐकला नाही, अंगावर काटा आला'. काका, त्या रात्री गिटार कोणाच्या हातात होती? स्टीव्ह मोर्सच्या! ब्लॅकमोर जाऊन दीड वर्ष झालं होतं. मोर्सला येऊन जेमतेम काही महिने, त्याच्याबरोबरचा पहिला अल्बम यायलाही जवळजवळ वर्ष बाकी. म्हणजे तुमच्या अंगावर काटा आणला तो भाड्याच्या माणसाने, लॉर्ड आणि पेसच्या संगतीत. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला कोणी अंधेरीपर्यंत सोडलं नाही, मी तो शो नंतर 'बॉम्बे कॉलिंग' या नावाने निघालेल्या डीव्हीडीवर बघितला, त्यामुळे हेवा वाटतोच. (ते नावही भारी आहे. पर्पलच्या 'चाइल्ड इन टाइम' ची सुरावट सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्यूटिफुल डे या बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग' वरून उचललेली आहे, गिलनने स्वतः मान्य केलंय. आणि त्या बँडने पर्पलची एक धून उचलून हिशोब चुकता केला.)

जिथे तुमचं बरोबर आहे तिथे मानतो. लॉर्ड २००२ ला निवृत्त झाला, २०१२ ला गेला, आणि त्याच्या जागी आलेला डॉन एअरी कितीही तयारीचा असला तरी माझी ती भांडणाची थिअरी तिथून जरा लंगडते. २०२२ मध्ये मोर्सने बायकोच्या आजारपणासाठी बँड सोडला, त्याच्या जागी बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड, २०२४ ला अल्बमही आला. पण मोजा ना, आज स्टेजवर पेस, गिलन, ग्लोव्हर आहेत, तुमच्या पाचातले तीन. पेस तर एकही टीम न चुकवलेला एकमेव माणूस. याला दुकान म्हणायचं तर म्हणा, पण मालक गल्ल्यावर बसलेत.

आणि भाड्याचे-ओरिजिनल हे गणित फक्त तुम्हीच करता असं नाही. २०१६ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा इव्हान्सचं नाव होतं, कव्हरडेल-ह्यूजचं होतं. पहिल्या दिवसापासून असलेल्या निक सिम्परचं नव्हतं, बोलिनचं नव्हतं, आणि तेव्हा वीसेक वर्षं गिटार वाजवत असलेल्या मोर्सचंही नव्हतं. ब्लॅकमोर कार्यक्रमाला आलाच नाही. सिम्परवर वेगळं लिहिणार आहे, त्याच्याबद्दल आपल्याकडे कोणी दोन ओळी लिहीत नाही.

तोवर एक काम करा, अंधेरीचं तिकीट कपाटात कुठे सापडलं तर फोटो टाका. कितीचं होतं ते बघायचंय.