एक सीट, चार गुडघे

गणपतीला गाडीने कोकणात जाऊन आलं की लोक रस्त्याची चौकशी करतात. माणगावला किती वेळ अडकलात, खड्डे बुजवलेत का, कशेडीचा बोगदा चालू होता का. गाडी चालवणाऱ्याच्या डाव्या गुडघ्याची चौकशी कोणी करत नाही. वास्तविक डोंबिवली ते लांजा हा प्रवास एकटा डावा गुडघाच करतो. उजव्या पायाला ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर अशी फिरतीची नोकरी आहे, तेवढाच विरंगुळा. डाव्याच्या नशिबी फक्त क्लच. दाब, सोड, हातभर पुढे सरक, पुन्हा दाब. 2011 साली या महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा माझे गुडघे कुरकुरत नव्हते. रस्ता अजून पुरता झालेला नाही, गुडघे मात्र वेळेच्या आधी कामाला आले.

आमचे हाडांचे डॉक्टर मोठे समजूतदार. ते म्हणाले, गुडघा बराच वेळ वाकलेला राहिला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, आणि पोटऱ्या हलल्या नाहीत की पायातलं रक्त वर चढायला कंटाळतं. उपाय साधा होता. सीट मागे घ्या. क्लच तळाला टेकवल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा हवी. क्लचचं काम नसेल तेव्हा पाय त्याच्यावर ठेवू नका, शेजारी खाली टेकवा. दर दीड-दोन तासांनी उतरून चाला. मी सगळं मान हलवून ऐकलं. फक्त माझ्या सीटच्या मागे आत्या बसते, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं.

आत्याचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. ऑपरेशनला किती खर्च आला हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पाय लांब करून बसायचं, असं तिच्याही डॉक्टरांनी तिला सांगितलंय. म्हणजे दोन डॉक्टर आणि मधे एक सीट. मी खालचा दांडा ओढून सीट दोन खाचा मागे सरकवली की मागून आवाज येतो, "अरे, माझ्या गुडघ्यात घालतोस काय?" मी एक खाच पुढे येतो. "अजून थोडं." मी आणखी एक येतो. कोलाड येईपर्यंत माझा गुडघा स्टिअरिंगच्या सावलीत आलेला असतो.

"आत्या, माझेही दुखतात गं."

"तुझे देवाने फुकट दिलेत. माझे विकतचे आहेत."

मग तू डावीकडे, हिच्या मागे का बसत नाहीस, असं विचारून पाहिलं. ही तशी ठेंगणी, तिची सीट कायम पुढे असते, मागे घोडा बांधता येईल. पण मुंबईहून कोकणात उतरताना गाडीचं तोंड दक्षिणेला, म्हणजे सकाळचं ऊन डावीकडून येतं. आणि भादव्याचं ऊन आत्याला सोसत नाही. डावीकडे मग आमचे चिरंजीव कानात बोंडं घालून, पुठ्ठ्याचं मखर मांडीवर घेऊन बसतात. ऊन कलून उजवीकडे येतं तोवर आत्या गाढ झोपलेली असते, आणि झोपलेल्या माणसाला उठवू नये हा नियम तिनेच घातलेला.

दीड-दोन तासांनी थांबण्याचंही तसंच. आमच्या गाडीत थांबा वड्यासाठी असतो, चहासाठी असतो, क्वचित स्वच्छ संडास दिसला म्हणून असतो. गुडघ्यासाठी कोणी थांबत नाही. एकदा महाडच्या अलीकडे पेट्रोल भरताना मी गाडीला धरून टाचा वर-खाली करत होतो. पंपावरचा पोऱ्या आधी चाकांकडे बघून आला, मग माझ्याकडे. म्हणाला, "साहेब, हवा बरोबर आहे." ही काच खाली करून म्हणाली, "अहो, बसा आता. लोक बघतायत."

भाच्याने सल्ला दिला, मामा, ऑटोमॅटिक घ्या, क्लचच नाही. मला पटलं. डावा पाय नुसता लांब सोडून बसायचं, रहदारीत तर स्वर्गच. आत्याने एकच विचारलं, "मग पाय लांब सोडायला जागा कुठली आणशील?"

गावी पोचल्यावर सुटका होते असं वाटत असेल तर चतुर्थीची पूजा कोणी केलेली दिसत नाही. चौदा तास घडी घातलेला गुडघा दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावर मांडी घालून बसवायचा. प्राणप्रतिष्ठा मूर्तीची होते, यजमानाचे प्राण गुडघ्यात गोळा होतात. षोडशोपचार संपत आले तसा मी डावा पाय हळूच बाहेर काढला. गुरुजींनी मंत्र न थांबवता पाहिलं आणि श्वास घ्यायला थांबले तेव्हा पुटपुटले, "काढा, काढा. मी तर सकाळपासून पाचव्या घरी बसलोय." आत्या खुर्चीत बसून म्हणाली, "हल्लीच्या मुलांना मांडी घालता येत नाही."

परतीच्या प्रवासाला मात्र मी भूगोलावर भिस्त ठेवून होतो. गौरी-गणपती पोचवून झाले. आता गाडीचं तोंड उत्तरेला, सकाळचं ऊन उजवीकडून. म्हणजे आत्या आपल्या पायाने डावीकडे जाणार. आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मी अंगणात जाऊन सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे नेली आणि पाच मिनिटं क्लच दाबत नुसता बसून राहिलो. काय सुख होतं!

सकाळी सामान भरायला घेतलं तर आत्या ओटीवर निवांत अळू चिरत बसलेली.

"एवढी कसली घाई? जेवून निघू. दुपारी ऊन तिकडच्या बाजूला असतं."

जेवणानंतर ती उशी घेऊन आली आणि माझ्या मागचं दार उघडून म्हणाली, "ही सीट कोणी रे एवढी मागे केली?"