‘यशात ८० टक्के वाटा ईक्यूचा’ म्हणे! हा आकडा आला कुठून?

ऑफिसच्या ग्रुपवर अधूनमधून एक पोस्ट फिरत येते. मजकूर थोडाफार बदलतो, सार तेच: “यशात बुद्ध्यांकाचा वाटा फक्त २० टक्के, उरलेला ८० टक्के भावनिक बुद्धिमत्तेचा, म्हणजे ईक्यूचा. म्हणून ऑफिसात राग दाखवू नका, कायम शांत आणि हसतमुख राहा. समोरच्याचा चेहरा वाचायला शिका. काम कोणतंही असो, ईक्यू असेल तर प्रगती ठरलेली. खालच्या दहा प्रश्नांत तुमचा ईक्यू तपासा.” खाली अंगठ्यांची रांग आणि एचआरकडून टाळ्या.

भावनिक बुद्धिमत्ता हा विषय थोतांड नाही. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये तिची मांडणी केली, पुढे चार क्षमता सांगितल्या: भावना ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं, त्या कशातून येतात आणि कुठे जातात हे समजणं, आणि त्या हाताळणं. पोस्टमध्ये यातलं फारसं काही उरलेलं नाही. जे उरलंय त्यानं नुकसानच जास्त होतं, म्हणून एकेक दावा घेऊ.

“८० टक्के वाटा ईक्यूचा”

लेखक डॅनियल गोलमन यांच्या भावनिक बुद्धिमत्तेवरच्या १९९५ च्या गाजलेल्या पुस्तकात एक वाक्य आहे. आयुष्यातलं यश ठरवणाऱ्या घटकांत बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के, बाकी ८० टक्के इतर घटकांचा, असा त्याचा आशय. त्या ‘इतर’मध्ये सामाजिक स्तरापासून नशिबापर्यंत बरंच काही होतं. कुणीतरी ते सगळं पुसून तिथं एकटा ईक्यू बसवला. दहा वर्षांनंतरच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत गोलमन यांनी स्वतःच हा गैरसमज खोडून काढला. पण खुलासे कोण फॉरवर्ड करतं?

आकडा चुकला तर चुकला, असं म्हणून सोडून देता येत नाही. बढती हुकलेल्या माणसाला हा आकडा सांगतो की दोष बहुतांशी तुझ्या स्वभावात आहे. टीममध्ये वरची जागाच नव्हती, वशिला चालला, प्रोजेक्टच बुडीत होता, असल्या गोष्टी हिशेबातून परस्पर गायब होतात. मूळ वाक्यात त्यांना जागा होती.

“राग दाखवू नका, शांत राहा”

हा सल्ला सगळ्यात लोकप्रिय आणि माझ्या मते सगळ्यात घातक.

एक प्रसंग कल्पून बघा. सोमवारची मीटिंग. मॅनेजर म्हणतात, “क्लायंटनं तारीख अलीकडे आणलीय. शुक्रवारी द्यायचंय. जमेल ना?” टेस्टिंग सांभाळणारी मुलगी हसून म्हणते, “हो सर, बघते.” आतून ती धुमसतेय, कारण तारीख बदलल्याचं तिला सोडून सगळ्यांना आधीच माहीत होतं. पोस्टच्या हिशेबानं तिला पैकीच्या पैकी गुण. गुरुवारी संध्याकाळी उघड होतं की निम्मं टेस्टिंग बाकी आहे.

भावना चेहऱ्यावर येऊ न देणं म्हणजे ती हाताळणं, हे गृहीतकच कच्चं आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी यावर बरेच प्रयोग केले. भावना दाबणाऱ्याचा चेहरा कोरा दिसतो, पण शरीरातला ताण ओसरत नाही. वर, दाबण्यात लक्ष खर्च झाल्यानं त्या वेळी काय बोललं गेलं हे कमी लक्षात राहतं. २००३ च्या एका अभ्यासात तर भावना दाबणाऱ्या व्यक्तीशी बोलणाऱ्या समोरच्याचाही रक्तदाब वाढलेला आढळला. म्हणजे मीटिंगमध्ये दात आवळून बसलेला माणूस ‘वातावरण चांगलं ठेवतोय’ हेही खरं नाही.

यापेक्षा बरा उपाय म्हणजे राग कशाचा आहे हे आधी स्वतःशी नीट ठरवणं. भावनेला शब्द दिला की भीती-रागाला चटकन प्रतिसाद देणाऱ्या, मेंदूतल्या अमिग्डला या भागाची प्रतिक्रिया कमी होते, असं २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून दिसलं. वरच्या प्रसंगात ती असं म्हणू शकली असती: “सर, तारीख बदलल्याचं मला आत्ता कळतंय, त्यामुळे माझी चिडचिड झालीय. शुक्रवारपर्यंत लॉगिन आणि पेमेंट तपासून होईल. रिपोर्ट्स पुढच्या सोमवारी देते. चालेल?” यात रागही आहे, त्याचं कारणही आहे आणि पुढचा मार्गही.

अर्थात असं बोलल्यावर अप्रेझलमध्ये ‘ॲटिट्यूड प्रॉब्लेम’ असा शेरा पडणार असेल, तर गप्प बसणारी मुलगी पुरेशी हुशार आहे. मग सुधारणेची गरज कुणाला आहे हे वेगळं सांगायला नको. शांत राहण्याचे धडे नेहमी खालच्यांनाच का दिले जातात, हाही प्रश्न कधीतरी विचारायला हवा.

“चेहरा वाचायला शिका”

लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर चार शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये चेहऱ्यावरून भावना ओळखण्यावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. राग आलेला असताना माणसं कपाळाला आठ्या घालतात ती सरासरी सुमारे ३० टक्के वेळा. आणि आठ्या पडतात त्या लक्ष एकवटल्यामुळे, डोकं दुखल्यामुळे किंवा स्क्रीन नीट न दिसल्यामुळेही.

“स्वतःला समोरच्याच्या जागी ठेवून बघा” हा त्याचाच भाऊबंद. ऐकायला छान. पण ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोग मांडले आणि त्यात असं कल्पनेनं समोरच्याच्या जागी जाण्यानं अंदाजाची अचूकता वाढत नाही असं आढळलं. समोरच्याला थेट विचारल्यावर मात्र वाढली. इतकं साधं.

आता त्या मॅनेजरकडे परत बघा. त्यांनी चेहरा वाचला, हसू दिसलं, विषय संपला. विचारलंही म्हणा, पण “जमेल ना?” या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. भर मीटिंगमध्ये त्याला ‘नाही’ म्हणायला छाती लागते. “यातलं काय शुक्रवारपर्यंत होणार नाही?” असं विचारलं असतं तर ‘नाही’ला वाट मिळाली असती.

“काम कोणतंही असो”

डाना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन यांनी अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये केलेल्या विश्लेषणात ग्राहक, रुग्ण, प्रवासी यांच्याशी सतत संबंध येणाऱ्या कामांत भावनिक बुद्धिमत्तेचा फायदा दिसला. जिथं असा संबंध फारसा नाही तिथं तो जवळपास नाहीसा होतो, काही मापनांत उलटाही पडतो. दिवसभर हेडफोन लावून एकट्यानं हिशेब तपासणाऱ्याला ‘जरा मिसळत जा’ म्हणून छळायचं कारण नाही.

आणखी एक. ईक्यू म्हणजे चांगुलपणा, हे पोस्टमध्ये न लिहिताही वाचलं जातं. स्टेफान कोते आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की स्वार्थासाठी इतरांना वापरण्याची वृत्ती आणि भावना हाताळण्याचं ज्ञान एकत्र आलं, तर सहकाऱ्यांना चारचौघांत अपमानित करण्यासारखं वागणं वाढतं. गोड बोलून सगळ्यांना आपापसांत झुंजवणारा एक तरी सहकारी प्रत्येकाला आठवेल. त्याचा ईक्यू कमी नाही.

“दहा प्रश्नांत तपासा”

“मी इतरांच्या भावना चटकन ओळखतो: नेहमी / कधीकधी / क्वचित.” ज्याला ओळखताच येत नाहीत, तो ‘नेहमी’वरच टिक करणार. २०१४ च्या एका अभ्यासात नेमकं हेच दिसलं: प्रत्यक्ष चाचणीत सगळ्यात खाली असलेल्यांनी स्वतःबद्दलचा अंदाज सगळ्यात जास्त फुगवला होता, आणि निकाल दाखवल्यावर तेच लोक चाचणीला नावं ठेवत होते.

या क्षमता शिकवता येतात, हे मात्र खरं आहे. प्रशिक्षणावरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत मध्यम प्रमाणात सुधारणा दिसते. सुरुवात करायचीच असेल तर त्या दहा प्रश्नांऐवजी रोज सोबत काम करणाऱ्या एकाला एकच प्रश्न विचारा: “इतक्यात मी तुमचं बोलणं कधी मधेच तोडलं?” आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत खुलासा करू नका. तुम्ही वरिष्ठ असाल, तर हा प्रश्न अप्रेझलच्या आठवड्यात मुळीच विचारू नका. उत्तर “कधीच नाही सर” असंच येईल.