उणे सात जीईव्हीचा जेट

मावशीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय रे, झालं का तुझं मोजून?" तिला वाटतं मी तीन वर्षं एकच वस्तू मोजतोय. आता खोटं कशाला बोलू, तसंच आहे.

म्हणजे बघा, एलएचसी या कण आदळवायच्या यंत्राच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात शिशाची अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळतात, एकेकात २०८ प्रोटॉन-न्यूट्रॉन, आणि त्या टकरीत क्षणभर क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा होतो, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून त्यांच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑनांचं गरम सार. त्यात एखादी क्वार्कांची जोडी जोरात धडकून उलट्या दिशांना सुटते, मागे कणांचा फवारा, तोच जेट. प्लाझ्मातून जाताना त्याची एनर्जी गळते. ब्योर्केन या भौतिकशास्त्रज्ञांनी हे १९८२ मध्येच लिहून ठेवलेलं, २०१० मध्ये एलएचसीवरच्या ॲटलस प्रयोगानं समोरासमोरचे जेट दाखवलेसुद्धा, एक धष्टपुष्ट, दुसरा मरतुकडा. सगळ्यांचं झालं, माझंच अडकलंय.

कारण त्याच टकरीतून हजारो बाकीचे कणही उडतात आणि कुठला कुणाचा ते कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. माझा जेट ४० जीईव्हीचा (जीईव्ही म्हणजे कणांची एनर्जी मोजायचं एकक), आणि ०.४ त्रिज्येच्या त्याच वर्तुळात, नुसते चार्जवाले कण धरले तरी साठ-सत्तर जीईव्हीचा उपरा माल. नाकापेक्षा मोती जड! कणांचे जेट बांधणाऱ्या अँटी-केटी अल्गोरिदमला तर काही सोयरसुतकच नाही, कण दिले की जेट देतो, खरा की खोटा ते तुम्ही बघा. मग सरासरी बॅकग्राउंड वजा करायचं, पण ते बॅकग्राउंडच दहाएक जीईव्हीनं खालीवर होतं, त्यामुळे वजाबाकीनंतर उणे सात जीईव्हीचे जेट हातात येतात.

गेल्या महिन्यात मात्र माझं नशीब उघडलं. नुसत्या प्रोटॉन-प्रोटॉनच्या टकरींशी ताडून बघितलं तर जेट साधारण निम्मे उरायला हवेत, माझ्या प्लॉटवर शंभरात पाचसुद्धा उरेनात. रात्री दोन वाजता मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालायला लागलो, मनातल्या मनात पेपरचं टायटलही ठरलं. सकाळी ज्युनिअर मुलीनं कोड बघितला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, बॅकग्राउंड दोनदा वजा होतंय का?"

होत होतं. एकदा माझ्या मॅक्रोत, एकदा कुणीतरी आधीच करून ठेवलेलं.

आता अनफोल्डिंग चाललंय, म्हणजे डिटेक्टरनं आणि बॅकग्राउंडनं फासलेलं चित्र पुन्हा मूळ करायचं. इटरेशन (म्हणजे त्याच हिशोबाच्या फेऱ्या) कमी केली तर उत्तर सिम्युलेशनकडेच झुकतं, जास्त केली तर प्लॉट करवतीसारखा दातेरी होतो, आणि मीटिंगमध्ये दर वेळी कुणीतरी विचारणारच, चारच का, पाच का नाही. चार घेतली की पाच का नाही, पाच घेतली की चार का नाही, विचारणारा माणूस तोच.

परवा मावशीला हे सगळं सांगितलं, अगदी उणे सातसकट. ती जरा वेळ गप्प राहिली.

"अरे, म्हणजे तूच त्यांचं देणं लागतोस की!"