पत्रकारितेत यायचंय? आधी फोन लावायला शिका

पत्रकारितेचा कोर्स करणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न अँकरिंग कसं मिळेल, नाहीतर स्वतःचं चॅनल कधी काढू. बातमी कशी काढायची हे फार थोडे विचारतात, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी नवीन असताना अपघाताच्या एका बातमीत मृताचं नाव चुकवलं. फोनवर घाईत ऐकलं, तसंच लिहिलं, बातम्या तपासणाऱ्या डेस्कनेही सोडलं आणि दुसऱ्या दिवशी कळलं की ज्याचं नाव छापलं तो फक्त जखमी आहे, वॉर्डात आहे. त्याच्या बहिणीचा फोन आला. ओरडली नाही, एवढंच म्हणाली, एकदा विचारायचं तरी होतं. आम्ही दुरुस्ती छापली, आतल्या पानावर, चार ओळी. तेव्हापासून नाव, वय, आकडा काहीही असो, दोन ठिकाणी विचारल्याशिवाय मी लिहीत नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना घरी बसवणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाचं नाव सगळे घेतात पण ती बातमी सुरू कुठून झाली बघा. १७ जून १९७२ ला वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत, निक्सनच्या विरोधी पक्षाच्या ऑफिसात घुसलेले पाच जण पकडले गेले आणि बॉब वुडवर्ड, 'वॉशिंग्टन पोस्ट' पेपरात लागून वर्षही न झालेला रिपोर्टर, कोर्टात जाऊन बसला. जजने कुठे काम करायचास विचारल्यावर एक आरोपी हळू आवाजात सीआयए, म्हणजे अमेरिकेची गुप्तचर संस्था, म्हणाला, ते याने ऐकलं. कोर्टाची ड्युटी, जी आज नवीन मुलांना शिक्षा वाटते! मग वुडवर्ड आणि त्याचा सहकारी रिपोर्टर कार्ल बर्नस्टीन महिनोन्महिने रात्री लोकांच्या दारात उभे राहिले, पैसा कुठून कुठे गेला ते शोधत बसले. निक्सनचा राजीनामा आला ऑगस्ट १९७४ मध्ये.

चूक त्यांचीही झाली बरं का. ऑक्टोबर १९७२ मध्ये त्यांनी छापलं की अमुक गोष्ट एका साक्षीदाराने ग्रँड ज्युरीला, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला, सांगितली. गोष्ट मुळात खरी होती, पण ज्युरीपुढे त्याला ती कोणी विचारलीच नव्हती. तेवढी फट सापडली आणि व्हाइट हाउस सगळ्याच बातम्यांवर तुटून पडलं.

म्हणून 'सूत्रांच्या माहितीनुसार' लिहिताना हात थोडा थांबू दे. सूत्राला हे कसं माहीत, त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, कागद आहे का, आणि ज्याच्यावर आरोप करतोय त्याला फोन केला का? संपादक लवकर पाठव म्हणून मागे लागलेला असतानाही हे विचारायचं, तेव्हाच तर जास्त.

नवीन मुलांनी मला बातम्या जरूर पाठवाव्यात, मी वाचतो. फक्त सोबत कुणाकुणाला फोन केले ती यादीही पाठवा, आधी ती बघेन.